आदी पाय धू

सकाळी नऊपासून संध्याकाळी सहापर्यंत माझ्या सासूबाई मला ओळखत नसत. समोरून गेले तरी नाही. मध्येच पाण्याचा तांब्या भरायला मी स्वयंपाकघरात शिरले, की त्या हातातल्या सुक्या जवळ्यावरून नजर न उचलता पुटपुटायच्या, "हापिसान गेलेलं मानूस मदीच घरान कसं?"

हापिस म्हणजे आमच्या जूचंद्रच्या घराची मागची खोली. बाळंतपणानंतर कंपनीने मला घरून प्रोग्रॅम लिहायची परवानगी दिली होती, तीही उपकार केल्यासारखी. "जमलं तर ठीक, नाहीतर बघू," असं साहेब म्हणाले होते. त्या 'बघू'चा अर्थ मला कळत होता. बरोबरच्या दोघीतिघींनी माझ्यासारखंच घरून काम सुरू केलं आणि घराने त्यांचं काम बघता बघता खाल्लं. कुकरची शिटी, पाहुणे, गॅसवाला, नणंदेचं केळवण. माझं टिकलं ते सासूबाईंमुळे. चौथीसुद्धा न शिकलेल्या बाईला मी आत काय करते ते कळत नव्हतं, आणि ते कळून घ्यायची त्यांना गरजही वाटली नाही. काम म्हणजे काम, एवढं त्यांना पुरे होतं.

दुपारी शेजारणी गप्पांना यायच्या. सून दिवसभर घरी दिसते म्हणजे तिला कामावरून काढलं असणार, असा त्यांचा हिशेब होता. सासूबाई त्यांना दारातच अडवत. "सूनबाय कामाव गेलीय. सहाला येल, मंग ये." आतून माझा फोनवर बोलण्याचा आवाज येत असायचा. बायका माना उंच करून आत बघायच्या, सासूबाई मात्र ढिम्म. लेक रडायला लागली की तिला कडेवर घेऊन त्या अंगणात जात आणि तिलाही हेच सांगत, "आय कामाव गेलीय, येल हां."

जेवायला मला डबा असे. खरा डबा, झाकण घट्ट लावलेला, खोलीबाहेरच्या स्टुलावर ठेवलेला. "आई, इथेच तर आहे मी, ताटात वाढा ना," मी एकदा म्हणाले. "ताट घरान. हापिसान डबा." विषय संपला. एका बाबतीत मात्र त्यांना पटवता पटवता मी थकले. लोडशेडिंग सुरू झालं की त्या दार वाजवायच्या, "लाईट गेली, हापिस सुटला!" आणि आत मी लॅपटॉपची बॅटरी संपायच्या आत काम पाठवायला धडपडत असायची.

सहाला मी बाहेर यायची तेव्हा पाठीचं लाकूड झालेलं असे. डोळ्यांपुढे अजून अक्षरं नाचत असत. मोरीपाशी भरलेली बादली तयार असायची. "आदी पाय धू."

"आई, घराबाहेर पाऊल टाकलं नाही मी. पाय मळतील कशाने?"

मग त्यांनी सांगितलं. तरुणपणी त्या मिठागरावर जात. दिवसभर खाऱ्या पाण्यात उभं राहून पायांना भेगा पडत. "कामावरशी आलं का पाय धुवाचे. नायतर मीठ घरान येतं, आन् रातभर चावतं."

त्यानंतर मी वाद घातला नाही. पाय धुऊन आले की त्या मला पहिल्यांदाच बघितल्यासारखं तोंडभर हसायच्या. "आलीस? बस, चाय ठेवते." आणि लेक माझ्या मांडीवर यायची. दिवसभराचा शीण तिथे उतरायचा.

एका संध्याकाळी मी दार उघडलं तर त्या भिंतीला टेकून जमिनीवर बसल्या होत्या. तोंड वाकडं झालेलं, उजवा हात मांडीवर पडलेला. लेक शेजारी झोपलेली. बादली भरलेली नव्हती. दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, झटका दुपारीच आलेला आहे, तेव्हाच आणायला हवं होतं.

त्या थोडंफार बोलायला लागल्यावर मी विचारलं, "आई, हाक का नाही मारलीत? मी भिंतीपलीकडे होते."

"तू हापिसान व्हतीस ना." शब्द लडबडत होते, पण चेहऱ्यावर तक्रार नव्हती. "सहाला येनारच व्हतीस. वाट बघीत व्हते."

मी रडले. माझी नोकरी राखणारा नियम त्यांनी स्वतःच्या जिवावर बेतलं तरी पाळला होता. त्यांना घरी आणलं त्याच्या दुसऱ्या दिवशी मी टेबल उचलून त्यांच्या खाटेशेजारी आणलं, मागच्या खोलीला कुलूप घातलं. त्यांना ते मुळीच आवडलं नाही. दिवसभर त्या भिंतीकडे तोंड करून पडत, मी कामावर गेलेली असल्यासारख्या. सहा वाजले की डाव्या हाताने मोरी दाखवत. मी पाय धुऊन येई. मग त्या वळत, अर्ध्या तोंडाने हसत. "आलीस?"

पुढच्या दिवाळीआधी त्या गेल्या.

आता मला बढती मिळाली आहे. साहेब खूश आहेत, मी म्हणे कधीही फोन उचलते. लॅपटॉप स्वयंपाकघरात असतो, कधी उशाशी. ताटात जेवते ते पडद्याकडे बघत. हे कामावरून येतात, चप्पल काढतात आणि विचारतात, "तुझं अजून चाललंय?" चाललेलंच असतं.

परवा मी सहाला सगळं बंद केलं. बादली भरली, पाय धुतले, पुसले आणि सासूबाईंच्या रिकाम्या खाटेपाशी येऊन उभी राहिले. बराच वेळ उभी होते. आलीस का, असं कुणी विचारलं नाही. मग परत जाऊन लॅपटॉप उघडला.