बेशुद्ध मुलीने चालत जावे

मी बेशुद्ध होते आणि मला उठून चालत जायला सांगण्यात आले.

महाविद्यालयाचे पटांगण. सकाळचे अकरा. पाठीखाली गिट्टी रुतत होती. गळ्यात लाल दोरीने बांधलेला पुठ्ठा: 'गंभीर जखमी'. आपत्कालीन व्यवस्थेची रंगीत तालीम होती, कारण पुढच्या आठवड्यात तपासणी समिती यायची होती. मी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होते. विषय रसायनशास्त्र. जखमी म्हणून माझे नाव विभागप्रमुखांनी परस्पर लिहिले होते. मला त्याचे काही वाटले नव्हते. बेशुद्ध माणसाची मान कशी सांभाळायची, किती जणांनी कुठे हात घालून उचलायचे, हे उलट मी आदल्या दिवशी वाचून ठेवले होते. डोळे मिटून मी त्या हातांची वाट पाहत होते.

हात आले नाहीत.

स्वयंसेवक म्हणून निवडलेल्या चार मुली स्ट्रेचर घेऊन आल्या. माझ्या शेजारी ते ठेवले आणि थांबल्या. एकीने हळूच सांगितले, "सर, माझा गुरुवार हाय आज." दुसरीनेही तेच सांगितले. तिसरी ओढणी सावरत राहिली. चौथी माझ्याच टेबलावर प्रॅक्टिकल करायची, माझी वही उतरवायला घरी न्यायची. अर्धवट मिटलेल्या पापण्यांतून मला फक्त तिच्या चपला दिसत होत्या. त्या पुढे आल्या नाहीत.

त्याच मुली दर गुरुवारी एकमेकींच्या वेण्या घालत, एकमेकींच्या गळ्यात हात टाकून फिरत. त्यांचा उपवास माझ्यापाशी येऊन सुरू होत होता.

विभागप्रमुख घड्याळ पाहत होते. "कशाला ताणायलात? ए बाई, तूच झोप त्याच्यावर. फोटो काढू. मग उठून चालत जा तिकडं, गाडीपाशी."

मागून कुणीतरी म्हणाले, "मेलेली बाई चालायली बघा." हशा पिकला.

मी स्वतःच सरकून स्ट्रेचरवर झोपले. फोटो निघाला. मग उठले, कपडे झटकले आणि गळ्यातल्या पुठ्ठ्यासह रुग्णवाहिकेपर्यंत चालत गेले. त्रेसष्ट पावले. मोजण्याची मला सवय आहे.

व्हरांड्यात माझी माय उभी होती. हातात फडा. ती त्याच महाविद्यालयात ठेकेदारामार्फत सफाईला होती. पूर्णेहून सकाळच्या गाडीने आम्ही दोघी सोबत येत असू आणि फाटकापाशी वेगळ्या होत असू. ते तिनेच ठरवले होते. लोकायला कशाला कळू द्यायचं, म्हणायची. संध्याकाळी पूर्णेला उतरल्यावर तिने एवढेच विचारले, "गिट्टी लय टोचली का गं?"

मी नाही म्हणाले.

आता मला माझ्याविषयी लिहायचे आहे, आणि ते अधिक कठीण आहे.

आमच्या प्रयोगशाळेची एक रीत होती. उरलेले, खराब झालेले हायड्रोक्लोरिक आम्ल फेकून न देता थंड पेयाच्या रिकाम्या बाटल्यांत भरायचे आणि सफाईच्या बायकांना द्यायचे. संडासाच्या फरशा त्याने पांढऱ्या होतात. बाटलीवर चिठ्ठी नसे. बायकांना वाचता येत नाही, मग चिठ्ठी कशाला, असा हिशेब. माझ्या मायला वाचता येत होते.

त्याच वर्षी परीक्षेत प्रश्न आला होता: विरंजक चूर्णावर हायड्रोक्लोरिक आम्लाची क्रिया लिहा. विरंजक चूर्ण म्हणजे आपली ब्लीचिंग पावडर. दोन्ही एकत्र आले की क्लोरीन वायू सुटतो. मी समीकरण संतुलित केले, वायूचा रंग लिहिला, फुप्फुसावरचा परिणाम लिहिला. पूर्ण गुण मिळाले. मायच्या हातात ती बाटली मी रोज पाहत होते. पावडरीचा डबाही पाहत होते. दोन्ही गोष्टी एका वाक्यात आणणे एवढेच माझे काम होते. ते मी उत्तरपत्रिकेत केले. घरी केले नाही.

समिती आली त्या दिवशी ठेकेदाराच्या मुकादमाने मायला बजावले होते की संडास आरशावानी चमकले पाहिजेत. तिने आधी पावडर टाकली. डाग निघेनात म्हणून वर बाटली ओतली. वास पाहुण्यांपर्यंत जाऊ नये म्हणून दार आतून लावून घेतले होते.

माझ्या टेबलावरची तीच मुलगी प्रयोगशाळेत धावत आली. "तुझ्या मायला कायतरी झालंय."

तुझ्या मायला. म्हणजे तिला माहीत होते. म्हणजे सगळ्यांनाच माहीत होते, आणि आम्ही दोघी रोज फाटकापाशी उगाच वेगळ्या होत होतो.

मी पोहोचले तेव्हा माय चालत होती. एका हाताने भिंत धरून, खोकत, डोळ्यांतून पाणी गळत. स्ट्रेचर दर्शनी भागातल्या काचेच्या कपाटात होते, समितीला दिसावे म्हणून. कपाटाला कुलूप. चावी मुख्य लिपिकाकडे, मुख्य लिपिक समितीसोबत सभागृहात. सभागृहाचे दार ढकलून चावी मागावी, असे कुणालाही वाटले नाही. समितीच्या गाड्यांमुळे फाटकातून रिक्षा आत सोडत नव्हते. रुग्णवाहिका तालमीपुरतीच मागवलेली होती. विभागप्रमुख बाजूला उभे राहून सांगत होते, "येऊ द्या तिला चालत, हळूहळू."

क्लोरीन फुप्फुसात गेलेल्या माणसाला चालवायचे नसते. प्रत्येक पाऊल श्वास मागते आणि श्वासच उरलेला नसतो. हेही मी वाचलेले होते.

मी खाली बसले आणि तिला पाठीवर घेतले. ती माझ्या कानाशी घोगऱ्या आवाजात म्हणत होती, "उतरव गं. लोक बघायलेत." फाटकापर्यंत ती तेच म्हणत होती. या वेळी मी पावले मोजली नाहीत.

सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी विचारले, "एवढं चालवलं कुणी यांना?"

तिसऱ्या दिवशी विभागप्रमुखांनी मला केबिनमध्ये बोलावले. टेबलावर टाइप केलेला जबाब होता, खाली माझे नाव. सदर कर्मचाऱ्याने निष्काळजीपणे रसायने हाताळली. महाविद्यालयाच्या आपत्कालीन पथकाने तिला तात्काळ स्ट्रेचरवरून हलविले. सोबत छायाचित्र.

छायाचित्रात मी होते. तालमीच्या दिवशीची. चेहरा पलीकडे वळलेला, पुठ्ठा कापून टाकलेला. माझे शरीर माझ्या मायच्या नावाने फायलीत लावले होते.

"सही कर," ते म्हणाले. आवाज मऊ होता. "पुढच्या महिन्यात प्रॅक्टिकल हाय तुझं. एम.एस्सी.ला शिफारस बी लागंल. मायलाबी कामावर ठेवू. आमी काय परके हाव का?"

मी वेळ मागून घेतला आणि दवाखान्यात गेले. मायला सगळे सांगितले. तिने ऑक्सिजनचा मास्क बाजूला केला. "कर सही. तुझं शिक्षान..." पुढचे वाक्य तिच्या श्वासात मावले नाही. मी मास्क परत लावला. ती माझ्याकडे पाहत राहिली. तिला उत्तर हवे होते आणि मी तिला ते दिले नाही.

रात्रभर खाटेशेजारी बसून मी माझा जबाब लिहिला. बाटली कुठून आली. चिठ्ठी का नव्हती. स्ट्रेचर कुठे होते, चावी कुणाकडे होती, रिक्षा कुठे अडवली. समीकरण लिहिले, संतुलित करून. शेवटी लिहिले: 'छायाचित्रातील व्यक्ती माझी आई नसून मी आहे. फोटोनंतर मला चालत जाण्यास सांगण्यात आले. माझ्या आईलाही.'

विभागप्रमुखांनी ते उभ्यानेच वाचले. "लय हुशार झालीस."

"मी सही केली आहे, सर. माझ्या कागदावर."

आवक विभागात पोहोच देईनात. शिक्का पडेपर्यंत मी खिडकीपाशी उभी राहिले. दुपारी चारला पडला.

पुढचे थोडक्यात सांगते. प्रॅक्टिकलला मी काठावर पास झाले. शिफारस मिळाली नाही. मायचे काम गेले. चौकशी झाली नाही. माय माझ्याशी नऊ दिवस बोलली नाही. फुप्फुसामुळे की रागामुळे, हे मला अजून ठाऊक नाही, आणि विचारण्याचे धाडसही झालेले नाही. विहारात वंदनेला तिचा आवाज सगळ्यांत पुढे असायचा. आता तिचे फक्त ओठ हलतात. मी शेजारी बसून मोठ्याने म्हणते. ती माझ्याकडे पाहत नाही.

एम.एस्सी. मी दुसरीकडून केले. आज जिल्ह्यातल्याच दुसऱ्या एका महाविद्यालयात तासिका तत्त्वावर शिकवते. इथेही समिती येणार आहे. इथेही उद्या तालीम आहे. काल जखमीचे नाव ठरून आले. दुसऱ्या वर्षाची मुलगी. आडनाव वाचले आणि ते कसे ठरले हे मला कळले. प्राचार्य म्हणाले, "साधी पोरगी हाय मॅडम, काही म्हणायची न्हाई."

आज सकाळी मी प्रयोगशाळेत सफाईच्या बायकांना टेबलासमोरच्या स्टुलांवर बसवले. एका हातात बाटली धरली, दुसऱ्या हातात पावडरीचा डबा, आणि सहा वर्षे उशिरा ते वाक्य पूर्ण केले. दुपारी इथल्याही स्ट्रेचरच्या कपाटाचे कुलूप शिपायाकडून तोडून घेतले. त्याबद्दल मला नोटीस येईल. तासिका जातीलही.

मग यादीतले त्या मुलीचे नाव खोडले आणि तिथे माझे लिहिले.

उद्या अकरा वाजता मी पटांगणात डोळे मिटून पडणार आहे. कुणाचा कोणताही वार असो. चार जणांनी माझ्या अंगाखाली हात घालून मला उचलेपर्यंत मी उठणार नाही. ऊन चढले तरी नाही, समिती येऊन उभी राहिली तरी नाही. बेशुद्ध माणूस चालत नाही.