अभिप्रायाच्या वहीतला माझा शेरा

माझ्या हातून एक अभिप्राय लिहिला गेला आणि एका सिस्टरची पगारवाढ त्यात अडकली. हेतू चांगला होता. माझ्या बहुतेक चुकांमागं हेतू चांगलाच असतो, हे बायको लग्नापासून ऐकत आली आहे.

तिच्याच पित्ताशयात खडे झाले होते. येरमाळ्याहून तिला धाराशिवच्या एका खासगी दवाखान्यात नेलं, ऑपरेशन झालं, पाच दिवसांनी सुट्टी मिळाली. डॉक्टरांनी खडे एका डबीत घालून माझ्या हाती दिले. मागोमाग बिल आलं. ते वाचून मी डबी पुन्हा उघडून बघितली. त्या किमतीत आत निदान हिरे तरी असायला हवे होते.

बिलात खोलीपासून हातमोज्यांपर्यंत सगळ्यांचा मान राखलेला होता. त्यातच ‘नर्सिंग चार्जेस’ अशी एक ओळ, रोजची वेगळी. माझी नजर तिथंच अडकली. डॉक्टरांच्या फीबद्दल बोलायची सोय नव्हती, कारण सकाळीच मी त्यांना शाल आणि नारळ दिला होता. ज्याच्या खांद्यावर आपण शाल घातली त्याच्याशी दुपारी भांडता येत नाही. सिस्टरला मी दोन पेढे दिले होते. तिच्याशी भांडायला मोकळीक होती.

काउंटरवर अभिप्रायाची वही होती. मी जिल्हा परिषद शाळेचा मास्तर. उघडी वही दिसली की माझा हात शेरा मारल्याशिवाय राहत नाही. लिहिलं, ‘उपचार उत्तम. डॉक्टर देवमाणूस. मात्र नर्सिंगचा खर्च अवाजवी असून तो कमी करावा.’ खाली झोकदार सही, हुद्द्यासकट. परतीच्या वाटेवरची येडशी येईपर्यंत मी एसटीत बायकोला या निर्भीडपणाचं वर्णन ऐकवत होतो. ती पोट धरून बसली होती. मला वाटलं, टाक्यांमुळं.

आठवड्यानं टाके काढायला गेलो. टाके काढायला तीच सिस्टर. तिशीतली बाई, तेरखेड्याहून रोज एसटीनं यायची. त्या पाच दिवसांत हिला उठवणं, बसवणं, सलाईन बघणं तर तिनं केलंच, पण हात वर होत नाही म्हणून वेणीसुद्धा घालून दिली होती. मी उशाशी खुर्ची टाकून पेपर वाचत होतो. माझेही चार्जेस लावले असते तर कुणाला कळलं नसतं.

सिस्टरनं दोन टाके काढले तेवढ्यात डॉक्टर आत आले. मला बघून खुलले.

“गुरुजी, तुमच्या शेऱ्यानं माझं काम सोपं केलं बघा. सिस्टर पगार वाढवून मागत होत्या. म्हटलं, आधी वही वाचा. पेशंटलाच नर्सिंग महाग पडतंय, मग मी वाढवू कुठून?”

माझ्या पाठीवर थाप मारून ते पुढच्या खोलीत गेले. एवढ्या आपुलकीनं मला आजवर शाळा तपासणाऱ्या कुठल्या केंद्रप्रमुखानंही वागवलं नव्हतं.

सिस्टरनं पुढचा टाका चिमट्यात धरला. मग ती म्हणाली, “काकू, श्वास सोडा.”

बायकोनं श्वास काही सोडला नाही. “किती देतेत गं तुला?”

तिनं आकडा सांगितला. आम्ही पाच दिवसांचं जे नर्सिंग भरलं होतं त्यात तिचा महिन्याचा पगार बसत होता, वर एसटीच्या पासाचे पैसे उरत होते. त्या खोलीत सहा खाटा होत्या. एरवी पोरांना वर्गात पाढे म्हणायला लावणारा मी, पुढचा गुणाकार केला नाही.

चार वर्षांत पगार वाढला नव्हता. महिनाभर धीर गोळा करून तिनं विचारलं होतं, आणि उत्तर म्हणून माझी सही दाखवण्यात आली होती. तिची जाऊ गावातल्याच फटाक्याच्या कारखान्यात वाती वळते, तिला जवळपास तेवढेच पडतात.

“तिथं जिवाला धोका म्हणून मी नर्सिंग शिकले,” ती कापूस लावत म्हणाली. “आता घरचे म्हणतेत, तेवढ्याच पैशासाठी एवढ्या लांब कशाला जाती? वाढ न्हाय मिळाली तर सोडावंच लागंल.”

आदल्याच महिन्यात मी जुन्या पेन्शनच्या मोर्चात ओरडून घसा बसवून आलो होतो. गरम पाण्याच्या गुळण्या करायला याच बायकोनं पाणी तापवून दिलं होतं. ती आता माझ्याकडं बघत होती. मी उठून काउंटरवर गेलो.

काउंटरवरची बाई म्हणाली, एका पेशंटला एकदाच लिहिता येतं. मी म्हटलं, नवीन लिहीत नाही, जुनंच दुरुस्त करतो. आम्हा मास्तरांत ती पद्धत आहे. आणि जुन्या शेऱ्याखाली लिहिलं, ‘वरील शेरा चुकला. नर्सिंगचे पैसे सिस्टरला मिळतात असा माझा समज होता. ते तिला मिळावेत.’ वही घेऊन डॉक्टरांच्या पुढं उभा राहिलो. शाळेत तपासणीला साहेब आले की राहतो, तसा.

त्यांनी दोनदा वाचलं. मशिनचे हप्ते, विजेचं बिल, शहरातले भाव, असं बरंच ऐकवलं. दवाखाना म्हणजे शाळा नव्हे, हेही सांगितलं. मी हललो नाही, याचं कारण धैर्य नव्हे. दारात बायको उभी होती आणि माझी वाट तिनं अडवली होती. शेवटी ते म्हणाले, “बरं, दिवाळीनंतर बघू.”

सिस्टरला सांगितलं तेव्हा ती हसली नाही, रडलीही नाही. दिवाळीपर्यंत थांबते म्हणाली, त्यापुढं नाही.

परतीच्या एसटीत मी, निदान शब्द तरी मिळवला, असं पुटपुटत होतो. येडशी गेली. मग बायको खिडकीबाहेर बघतच म्हणाली, “दिवाळी झाली की माझं पोट पुन्हा दुखणार हाय. घरी गेल्यावर कॅलेंडरवर लिहून ठेवा. तुम्हाला लिहायची हौस हायच.”