साडूचं हृदय आणि गोळ्यांचे चार वर्ग

समस्त जनांस अत्यंत गांभीर्याने कळविण्यात येते की, भंडारा जिल्ह्यातल्या एका मंडईत माझं राज्य बुडालं, आणि ते माझ्या साडूच्या हृदयाने बुडवलं.

दिवाळीनंतर पवनीकडच्या माझ्या सासुरवाडीला मंडई, म्हणजे नाटकांची जत्रा, भरते. घर पाहुण्यांनी भरतं. जेवणं झाली की अंगणात गोष्टी सांगायचा मान वीस वर्षं माझा होता. गेल्या साली मोठ्या साडूंच्या ठोक्यांची लय बिघडली आणि अंगण त्यांचं झालं. मी अस्वलाची गोष्ट काढली की कोणीतरी म्हणायचं, "थांबा ना भाऊजी, मोठे जावई गोळ्यायचं सांगून राहिले."

आणि सांगायचे इतकं छान, की तेच मला सहन होत नव्हतं.

"हृदयाच्या पेशीले दारं असतात," ते म्हणायचे. "धानाच्या बांधीले पाणी सोडाचं तोंड असते ना, तशी. पहिल्या वर्गाची गोळी सोडियमचं दार आवळते, मंग करंट हळू पसरते. दुसऱ्या वर्गाची? आपण घाबरलो का शरीर हृदयाले चाबूक मारते, तो चाबूकच ते अडवते. तिसरी पोटॅशियमले लवकर बाहेर जाऊ देत नाही. पेशी जास्त वेळ आराम करते, दुसरा ठोका लगेच घेत नाही. चौथी कॅल्शियमचं दार आवळते, मंग वरच्या कप्प्यातली घाई खाली येता येता थंडावते."

स्वतः खायचे फक्त दुसऱ्या वर्गाची. व्याख्यान मात्र चारही वर्गांवर! सासूबाई त्यांच्यासाठी कमी मिठाची भाजी वेगळी करायच्या. मला तीही हवीशी वाटू लागली.

यंदा मी ठरवूनच गेलो. साडू तिसऱ्या वर्गाशी पोचले, तेवढ्यात मी छातीवर हात ठेवून मागे कलंडलो. "मलेही धडधडून राहिलं..." मंडईच्या नाटकातही असा मरणारा कोणी पाहिला नसेल. सगळं अंगण माझ्याभोवती गोळा झालं. कोणी वारा घालतंय, कोणी तळवे चोळतंय. मी धन्य झालो!

पण साडू पडले दिलदार. तंबाखूचा खर्रा पुढे करावा तशी त्यांनी खिशातल्या पट्टीतली एक गोळी काढून माझ्या हातावर ठेवली. "घ्या, लाजू नोका."

ठोके ठीक असलेल्या माणसाने ती खाल्ली तर नाडी मंदावून चक्कर येऊ शकते, हे दहा मिनिटांपूर्वी त्यांनीच सांगितलं होतं. परत करावी तर सोंग उघडं पडणार. गिळावी तर खरोखरीचं काहीतरी व्हायचं. सगळे माझ्या तोंडाकडे पाहत होते, आणि आता छाती खरंच धडधडायला लागली.

सासूबाई पाण्याचा गिलास घेऊन आल्या. मला देण्याआधी त्यांनी माझा चेहरा नीट न्याहाळला, आणि भरल्या अंगणात त्यांच्या तोंडून निघून गेलं:

"त्यायले गोळी नोका देऊ बाप्पा! एक गोष्ट सांगू द्या, आपोआप बरे होतीन!"