साहेब लिफ्टमध्ये, चावी साहेबांच्या खिशात

आमचा दादा गेला. लोक भेटायला येतात, साधा माणूस होता म्हणतात. साधा कसला, एक नंबरचा हट्टी. सरकारी दवाखान्यात जनरेटर चालवायचा तो, मी तिथेच झाडलोट करते. वहिनी म्हणायची, "तुमच्या भावाचं पहिलं लग्न त्या मशीनशी झालंय, मी आपली सवत."

मग सरकारचं नवीन धोरण आलं. जनरेटर अत्यावश्यक वेळीच चालवायचा, आणि वेळ अत्यावश्यक आहे का ते मोठे साहेब ठरवणार. म्हणून मशीनला जाळी, जाळीला कुलूप, चावी साहेबांकडे. कुलूपही साहेबांनीच समक्ष उघडायचं. दादा म्हणाला, "मग मी काय करू? टाळ्या वाजवू?"

एकदा भर दुपारी लाइट गेली. वरच्या वॉर्डात कमी दिवसांची दोन बाळं काचेच्या पेटीत, पेटीची ऊब विजेवर. सिस्टर जिन्यातूनच ओरडली, "मामा, पेट्या गार पडायला लागल्या!"

दादा साहेबांच्या केबिनकडे पळाला, मी मागे. केबिन रिकामी. साहेब लिफ्टमध्ये, दोन मजल्यांच्या मध्ये लटकलेले. दादाने दाराच्या फटीला तोंड लावलं.

"साहेब, चावी टाका फटीतून."

"तशी देता येत नाही. मी समक्ष उघडायचं, असं धोरणात आहे."

"मग या की समक्ष."

"अरे, मी अडकलोय ना!"

"म्हणून तर चावी मागतोय!"

मग साहेब म्हणतात, "वरच्या ऑफिसला विचारतो. इथे रेंज नाही, तू जरा थांब."

दादा कसला थांबतोय. पहार घेतली नि कुलूप तोडलं. मशीन धडधडलं, पेट्या सुरू झाल्या, लिफ्टपण हलली. साहेब घामाघूम बाहेर आले. मला वाटलं बाळांचं विचारतील. म्हणाले, "कुलूप कोणी तोडलं?"

बाळं वाचली. दादाला उचलून गेटवर बसवलं. जाळीला आधीच्या दुप्पट मोठं कुलूप आलं. धोरणही सुधारलं म्हणे. आता लाइट जाणार असेल तेव्हा साहेबांनी लिफ्टने जायचं नाही.

गेटवर लाइट गेली की दादा डबा अर्धा टाकून उभा राहायचा. मशीनची घरघर ऐकू आली की मगच खाली बसायचा. मी म्हणायचे, "दादा, जेव ना. ते काम तुझं नाही आता."

म्हणायचा, "बाळांना काय माहीत?"