निवडणीच्या पट्ट्यावर

मेडशीजवळच्या एका छोट्या डाळमिलमध्ये मी व्यवस्थापक म्हणून रुजू झाले, तेव्हा मला तिशी लागली होती. शेतकऱ्यांच्या गटाने चालवलेली ती मिल. रोज सकाळी वाशिमहून एस.टी.ने जायचं, संध्याकाळी परत यायचं. मशीनवर एक मेकॅनिक होते, पन्नाशीचे, कमी बोलणारे. आणि निवडणीला बारा बाया. फुटलेली, साल निघालेली तूरडाळ सरकत्या पट्ट्यावरून पुढे यायची आणि दोन्ही बाजूंना बसलेल्या या बाया तिच्यातले खडे, काड्या, डागी दाणे वेचून काढायच्या.

त्यांच्यात सगळ्यात जुन्या होत्या त्या मावशी. सगळ्याच त्यांना मावशी म्हणायच्या, म्हणून मीही. मिलच्या पहिल्या दिवसापासून त्या होत्या. त्यांची बोटं पट्ट्यावर अशी चालायची की बघत राहावं.

रुजू होऊन दोन महिने होत नाहीत तोच वाशिमला आमचं तीन दिवसांचं प्रशिक्षण झालं. कामाकडे बघण्याची वृत्ती, प्रेरणा, भावनिक बुद्धिमत्ता असे विषय होते. मी वही भरून लिहून घेतलं. परत आले ती एक पांढरा फळा घेऊनच. तो शेडच्या भिंतीवर लावला, त्यावर बाराही जणींची नावं लिहिली आणि दर शनिवारी ज्या बाईचं काम सगळ्यात स्वच्छ, तिच्या नावापुढे लाल तारा काढायला लागले. पहिले पाच शनिवार तारा मावशींचाच. त्या काही बोलायच्या नाहीत, पण शनिवारी लुगडं धुतलेलं नेसून यायच्या, हे माझ्या लक्षात आलं होतं.

पुढे दिवाळीनंतर एका दुकानदाराचा फोन आला. डाळीत खडे निघाले. आठवड्याने आणखी एकाचा आला. मी पट्ट्यापाशी उभी राहून पाहिलं तर खडे मावशींच्या जागेवरून सुटत होते. शिवाय त्यांचं वागणंही बदललं होतं. हात मध्येच थांबायचे. कुणी काही म्हटलं की खेकसायच्या. मी एकदा जवळ जाऊन दाणे दाखवले तर म्हणाल्या, "मले नोको शिकवू बाई. तू झाली नव्हती तवापासून डाळ निवडून राह्यली मी."

माझ्या वहीत अशा माणसासाठी एक शब्द होता, नकारात्मक वृत्ती. तो मी त्यांना मनातल्या मनात चिकटवून टाकला.

तिसरी तक्रार आली त्या दिवशी मी पट्टा थांबवायला लावला आणि सगळ्यांसमोर बोलले, "मावशी, कामात मन नसेल तर घरी बसा. तुमच्या एकटीमुळे सगळ्यांचं नाव खराब होतंय."

त्यांनी डोक्याला बांधलेला रुमाल सोडला, नीट घडी केली, पट्ट्याच्या कडेला ठेवला आणि चपला घालून निघून गेल्या.

दुसऱ्या दिवशी त्या आल्या नाहीत. आणखी तिघी आल्या नाहीत. बाकीच्या आल्या, पण एरवी गाण्यांनी आणि थट्टेने भरलेली ती शेड अगदी गप्प होती. मशीनचा आवाज तेवढा. दुपारी मी मेकॅनिकना विचारलं, "काका, माझं काय चुकलं? खडे सुटत होते ते खरंच ना?"

त्यांनी हातातला पाना पुसला. "मॅडम, तुमी तिले सांगतलं. पण विचारलं कुठं, काहून सुटून राह्यले म्हणून?"

चार वाजता मी मावशींच्या घरी गेले. गावाच्या टोकाला, दोन खोल्यांचं घर. त्या दारात उन्हात बसून सुपात तांदूळ निवडत होत्या. मला बघूनही सूप खाली ठेवलं नाही. मी पायरीवर बसले. मग मला दिसलं. सूप त्यांनी हात लांब करून धरलं होतं, मान मागे नेली होती, आणि खडा शोधायला बोटं तांदळातून चाचपत फिरत होती. एक ठळक काळा खडा त्यांच्या अंगठ्याजवळच होता. तो तसाच राहिला.

"मावशी, जवळचं दिसत नाही का तुम्हाला?"

त्यांनी सूप खाली ठेवलं. मग म्हणाल्या, "पोळ्यापासून धुरकट दिसते."

"मग सांगितलं का नाही मला?"

"कसं सांगू? तुमी मले भिंतीवर चढवलं. लाल तारा काढला. आता खाली कसं उतरू, बारा बायांच्या देखत?"

मला वाटलं होतं, तारा म्हणजे शाबासकी. तो त्यांच्या डोक्यावर ओझं होऊन बसला होता आणि दर शनिवारी मीच ते वाढवत होते. मी म्हटलं, "चुकलं माझं, मावशी."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "बोलल्या सगळ्याइसमोर, आन् चुकलं म्हणता इथं दारात?"

दुसऱ्या दिवशी सकाळी पट्टा सुरू होण्याआधी मी बायांसमोर उभी राहिले. काय बोलायचं ते बसमध्ये ठरवलं होतं, ते विसरले. एवढंच म्हटलं की मावशींना मी न विचारता बोलले, ते चूक होतं. डोळ्यांचा विषय मात्र काढला नाही. ते सांगायचं की नाही हे मावशींनी ठरवायचं होतं. कुणीतरी हळूच हसलं. मग एकजण म्हणाली, "चाला वं, पट्टा चालू करा," आणि काम सुरू झालं.

ते मावशींच्या कानावर गेलं असावं. तिसऱ्या दिवशी त्या न आलेल्या तिघींसोबत आल्या आणि डोळ्यांचं स्वतःच सगळ्यांना सांगितलं. त्यावर पलीकडची म्हणाली, "मले बी सुई ओवता येत नाई आता." मग आणखी एक बोलली. गटाच्या अध्यक्षांना सांगून मी सगळ्यांना जवळच्या मालेगावला डोळे तपासायला नेलं. बारांपैकी पाच जणींना चष्मा लागला. मावशी नवा चष्मा लावून पट्ट्यावर बसल्या, डाळीकडे बघितलं आणि म्हणाल्या, "अगं माय, इतके खडे रायते का हिच्यात!" त्या दिवशी शेडमध्ये पुन्हा हसणं ऐकू आलं.

फळा मी उतरवला. सगळ्यांना बरं वाटेल अशी माझी समजूत. पण जेवणाच्या सुटीत बाराजणींतली सगळ्यात लहान, लग्न होऊन वर्षही न झालेली, माझ्या टेबलापाशी येऊन रडायला लागली. "मॅडम, या शनिवारी माझा नंबर लागनार होता. घरी सांगून ठेवलं होतं मी." पुन्हा मी न विचारताच ठरवलं होतं.

या वेळी विचारलं. तारा कशाला हवा होता? ती म्हणाली, सासरी तिच्या कामाला कुणी काम समजत नाही. नुसती बसून येते म्हणतात. मी कोरा कागद घेतला, ती काय काम करते, किती बारकाईने करते, ते चार ओळींत लिहिलं, सही केली, मिलचा शिक्का मारला. सोमवारी जेवणाच्या सुटीत ती सांगत आली, "सासऱ्यानं मोठ्यानं वाचलं. सासूनं पुन्हा एकदा वाचाले लावलं."

मावशी तिला म्हणाल्या, "आता डबा खाय, नाई तं पट्टा सुरू होईन आन् डाळ तशीच जाईन."

मावशी तशाच तिखट राहिल्या. चष्म्याने जिभेला काही फरक पडला नाही. मीही अजून चुकते. पण आता रोज सकाळी ऑफिसचं दार उघडण्याआधी दहा मिनिटं मी पट्ट्यापाशी, त्यांच्यातल्याच एका रिकाम्या पाटावर बसते. डाळ निवडता निवडता बाया बोलतात. मी ऐकते.