शाळेच्या भिंतीलगतचा बाजार

मुलं शाळेत उतरली की शाळा सुटेपर्यंत बसकाकांना काही काम नसे. भिंतीलगत बस लावायची, मागच्या लांब सीटवर आडवं व्हायचं आणि घोरायचं. उरलेलं आयुष्यही असंच घोरण्यात गेलं असतं, पण धाकट्या मेहुण्याने एकदा फोनवर शेअर बाजार दाखवला आणि काकांची झोप उडाली ती उडालीच.

"दाजी, सकाळी घ्यायचं आणि बाजार बंद व्हायच्या आत विकून मोकळं व्हायचं," मेहुणा म्हणाला.

"आणि मधे काय करायचं?"

"मधे जीव मुठीत धरायचा."

पहिले काही आठवडे काका पैसे न लावता नुसते बघत बसले. पडद्यावर हिरव्या-तांबड्या काड्या उगवत. एकेक काडी म्हणजे डोळ्याचं पातं लवतंय न लवतंय तोवर किती माणसांनी काय घेतलं, काय विकलं, त्याचा माग. घेणाऱ्याने विकणाऱ्याचं तोंड पाहिलेलं नाही, घासाघीस नाही, आणि सौदा झालासुद्धा. काकांनी जन्मभर भरचौकातून बस काढली, पण एवढी गर्दी आणि एक हॉर्न नाही, असं कधी पाहिलं नव्हतं. समुद्र बघायला बसावं तसे ते बसत.

मग खरे पैसे लावायचं ठरलं. घरात होते ते बसच्या टायरांचे. टायर पार गुळगुळीत झाले होते. तपासणीत बस नापास झाली तर मुलं दुसऱ्याच्या बसने जाणार. काकांची बायको म्हणाली, "लावा. पण टायर घेऊन वर जे उरणार होते, बुडालेच तर तेवढेच बुडाले पाहिजेत. टायरच्या पैशांना हात लागला, तर बस तुम्ही खांद्यावर न्या."

मेहुण्याने तोडगा काढला, स्टॉपलॉस. म्हणजे आधीच एक खालचा भाव सांगून ठेवायचा. तिथवर घसरण झाली की शेअर आपोआप विकले जातात. काकांनी त्या भावाची रेघ बायकोच्या म्हणण्याबरहुकूम आखली आणि शेअर घेतले तेही टायरच्या कंपनीचे. "निदान ओळखीचा माल," म्हणाले.

बोट टेकवलं आणि त्या अफाट गर्दीत आपणही शिरलो, या विचाराने त्यांच्या अंगावर काटा आला. भाव वर चढला तेव्हा तर उभी बसच हलल्यासारखी वाटली. मग तो उतरायला लागला. उतरत उतरत रेघेला टेकायला आला.

आता काकांची एक जुनी खोड. थांब्यावर उशिरा येणाऱ्या पोरासाठी ते थांबत. कुणाची नाडी सुटलेली, कुणाची बाटली राहिलेली, पण पोर धापा टाकत का होईना, येतंच. एकही पोर त्यांनी कधी मागे टाकलं नव्हतं. त्याच मायेने ते भावासाठी थांबले. "येईल, येईल," म्हणत रेघ खाली सरकवली. भाव तिथेही आला. आणखी सरकवली. शेवटी काढूनच टाकली. भावाला ना मागून हाका मारणारी आई होती, ना त्याला शाळा गाठायची होती.

घाबरून मेहुण्याला फोन केला.

"रेघ काढली? मग आखली कशाला होती, दाजी, शोभेला?"

"जरा वाट बघितली रे."

"ती काय तुमची बस आहे? तिथे कुणी कुणासाठी थांबत नाही."

तेवढ्यात घंटा झाली. मुलं लोंढ्यासारखी आली आणि बस भरली. चावी फिरवायच्या आधी फोन सीटखालच्या पेटीत, हा काकांचा नियम. मुलं घेऊन निघाल्यावर फोन हातात धरणाऱ्या ड्रायव्हरला ते माणसात धरत नसत. शेअर तसेच ठेवून निघावं, तर वाटेत काय होईल कोण जाणे.

"काका, झोपलात का? चला ना," मागून एकीने टोमणा मारला.

काकांनी विकून टाकलं. टायरच्या पैशांचा लचका तुटला. फोन पेटीत टाकला आणि त्या दिवशी बस अशी हळू नेली की मुलं कंटाळली.

घरी सगळं सांगितलं. बायको म्हणाली, "किती टायर गेले?"

"एक."

"सुट्टीच्या दिवशीसुद्धा दुसऱ्याच्या गाडीवर भाडी मारा. पुरे टायर आल्याशिवाय बस रस्त्यावर न्यायची नाही, मुलं दुसऱ्याच्या बसने गेली तरी चालेल. आणि तोवर पैसे लावणं बंद." मग फोनसाठी हात पुढे करून म्हणाली, "दाखवा तरी, कुठे गेला माझा टायर."

बाजार बंद झालेला, चित्र जागच्या जागी थिजलेलं. काकांनी विकल्यावरही भाव कड्यावरून कोसळावा तसा कोसळला होता. बायकोने दोन बोटांनी चित्र मोठं केलं.

"यात तुम्ही कुठे?"

काकांनी शोधलं. एवढ्याशा तांबड्या काडीत, हजारोंच्या दाटीत कुठेतरी. "दिसत नाही."

"अख्खा टायर गेला आणि दिसतसुद्धा नाही?"

राग तिला धरता येईना. "ही एवढी माणसं रोज येतात?" तिने हळूच विचारलं.

"रोज."

"उद्यापासून नुसतं बघा," ती म्हणाली. "आणि घरी आलात की मलाही दाखवा."

आणि तिचं बोट त्या कड्यावरून खाली, खाली जात राहिलं.