नावावरची पट्टी

डॉक्टरबाईंचे हात कायम गरम असत. ही काही देवाची देणगी नव्हती. सकाळी आल्या आल्या त्या चहाचा पेला दोन्ही हातांत धरून बसत, प्यायचं बऱ्याचदा विसरत, आणि पहिला पेशंट आत आला की तेच हात जेलच्या बाटलीभोवती गुंडाळत. इकोची, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीची, खोली यंत्रासाठी बारा महिने थंड ठेवलेली. त्यात उघड्या छातीवर गार जेल पडलं की माणूस दचकतो, आणि दचकलेल्या माणसाचं हृदय खरं बोलत नाही, असं त्यांचं मत होतं.

हृदयाचे बाकीचे डॉक्टर इको दुसऱ्याकडून काढून घेत आणि आपल्या खोलीत बसून वाचत. बाई स्वतः काढत. डाव्या कुशीवर वळलेल्या माणसाच्या मागे बसायचं, हात त्याच्या अंगावरून पुढे न्यायचा, छातीवर टेकवायच्या प्रोबनं फासळ्यांच्या फटीतून वाट शोधायची. अशा बसण्यानं त्यांचा उजवा खांदा डाव्यापेक्षा थोडा खाली उतरला होता. नवरा शाळेत भूगोल शिकवायचा. तो म्हणायचा, आमच्या घरातली जमीन सपाट आहे, उतार फक्त हिच्या खांद्याला.

तपासून झालं की पडदा पेशंटकडे वळवायचा, हा त्यांचा शिरस्ता. हे बघा तुमचं हृदय, हे वरचे कप्पे, हे खालचे, ही मधली दारं. झडप हा शब्द त्या वापरतच नसत. त्यामुळे अर्ध्या गावात त्यांना दारवाल्या डॉक्टर म्हणत. एका म्हाताऱ्या ड्रायव्हरनं विचारलं होतं, दार आहे तर कडी कुठंय? कडी नाही म्हणून तर माझी नोकरी आहे, असं बाई म्हणाल्या. एका बाईंनी नवऱ्याचं हृदय बराच वेळ निरखून पाहिलं आणि उसासा टाकला होता. आत एवढी जागा असेल असं त्यांना कधी वाटलं नव्हतं.

पण लाडाच्या ठिकाणी लाड आणि कामाच्या ठिकाणी काम. घरच्या माणसाचा इको त्या कधी करत नसत. नात्यातलं कोणी आलं की समोरच्या खोलीतल्या डॉक्टरांकडे पाठवत. ते अंगानं आडवेतिडवे, बोलायला तुसडे, आणि बाईंचा त्यांच्यावर डोळे मिटून विश्वास.

दुसरी सवय सकाळची. आदल्या दिवशी खोलीत जेवढे इको झाले, कोणाच्याही हातचे असोत, तेवढे त्या शिकाऊ डॉक्टरांना घेऊन पुन्हा बघायच्या. बघण्याआधी पडद्याच्या वरच्या कोपऱ्यात, जिथे पेशंटचं नाव येतं तिथे, जखमेला लावायची चिकटपट्टी लावायची. नाव दिसलं की डोळा भिडस्त होतो, असं त्या म्हणत. मोठ्या साहेबाचं हृदय मोठंच दिसायला लागतं.

या शिकवणीत एक धडा नेमानं यायचा. डावा खालचा कप्पा लांबट असतो, खाली निमुळतं टोक. प्रोब एक फासळी वर धरला तर ते टोक चित्रातून कापलं जातं आणि उरलेलं हृदय आखूड, गुटगुटीत, जोरात धडधडणारं दिसतं. आजारी हृदयसुद्धा निरोगी दिसतं. बाई सांगायच्या, बाजारात वांगं देठाकडून बघून कोणी घेतं का? कीड खाली असते. टोक दिसल्याशिवाय कोणाला चांगलं म्हणू नका.

अशात एके दिवशी दुपारी मावशी आली.

ही आईची धाकटी बहीण. आई सततची आजारी, म्हणून बाई शाळेची सगळी वर्षं मावशीकडे वाढल्या. मावशी पोहायला शिकवायची. गावातल्या दोन पिढ्या तिनं पाण्यात ढकलल्या होत्या आणि त्यांतल्या प्रत्येकाला ती अजून रस्त्यात थांबवून पाठीत गुद्दा घालत असे. पंचाहत्तरी ओलांडली तरी तळ्यावर सकाळी पोहणाऱ्या बायकांची ती पुढारी होती. तळ्याच्या मध्यावर एक खडक आहे. थंडी सरली की पहिल्या रविवारी सगळ्यांनी त्या खडकाला हात लावून परत यायचं, ही तिनंच पाडलेली रीत. या वर्षी तळ्यावरच्या पहारेकऱ्यानं सत्तरीपुढच्या बायकांना हृदय तपासून यायला सांगितलं होतं.

"त्याला मीच पोहायला शिकवलंय," मावशी म्हणाली. "गटांगळ्या खात होता मेला. आता माझं हृदय तपासायला सांगतो."

बाईंनी सवयीनं समोरच्या खोलीकडे बोट केलं. तिथल्या दाराला कुलूप होतं. ते डॉक्टर मुलीच्या लग्नाला गेलेले, सोमवारी येणार. रविवार तोंडावर. मावशी तोवर चपला काढून टेबलावर चढूनही बसली होती. चढताना तिला धाप लागली. बाईंनी विचारलं, हे कधीपासून? मावशी म्हणाली, तुमचं टेबल उंच आहे. घरचा जिना चढतानाही लागते का? तर म्हणे जिना म्हातारा झालाय. कार्डिओग्राममध्ये थोडं काहीतरी होतं, ते बाईंनी वयाच्या खात्यात घातलं. आणि मग मावशीनं तिचा हुकमी एक्का काढला.

"का गं, लोकांना पुरतो तुझा हात. मला नाही पुरत?"

बाईंनी जेलची बाटली हातात धरली.

मावशी कुशीवर वळली तेव्हा त्यांना तिची पाठ दिसली. लहानपणी तळ्यात याच पाठीवर त्या गळ्याला मिठी मारून पडत, आणि पाण्याच्या आवाजातून मावशीच्या आतली धडधड कानाला ऐकू येई. तेव्हा ती पाठ फळीसारखी रुंद होती. आता फासळ्या मोजाव्यात अशी. प्रोब खाली टेकवून दाबला तशी मावशीनं ओठ आत ओढले. बाईंचा हात आपसूक सैल झाला आणि बोटभर वर सरकला. पडद्यावर हृदय आलं. गोल, भरलेलं, जोरकस. दारं उघडत होती, मिटत होती. बाईंना इतकं बरं वाटलं की त्यांनी लगेच पडदा वळवला.

मावशी स्वतःच्या हृदयाकडे एखाद्या जुन्या विद्यार्थ्याकडे बघावं तशी बघत राहिली.

"बरं पोहतंय की," ती म्हणाली.

जा रविवारी खडकापर्यंत, बाईंनी सांगितलं. जाताना मावशीनं त्यांच्या पाठीत गुद्दा घातला. त्या संध्याकाळी घरी बाई गुणगुणत होत्या. नवऱ्यानं विचारलं, कोणाचं दार लागलं आज? मावशीचं, त्या म्हणाल्या, आणि कितीतरी दिवसांनी पोटभर जेवल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी नेहमीसारखी पट्टी लागली. शिकाऊ डॉक्टर स्टुलांवर बसले. एकामागून एक हृदयं पडद्यावरून सरकू लागली. बाई हातातल्या पेल्यानं खुणा करत बोलत होत्या, हे छान घेतलंय, इथे उजेड वाढवायला हवा होता. मग एक आलं. गोल, आखूड, गुटगुटीत.

"हे कोणी काढलं?" त्या म्हणाल्या.



त्यांनी शेजारच्या बाजूनं घेतलेलं चित्र लावलं. त्यात तोच कप्पा चांगला लांब होता. एकाच माणसाचं हृदय एकीकडून आखूड आणि दुसरीकडून लांब कसं असेल? टोक कापलंय, सरळ कापलंय, बाई म्हणाल्या. वर्षभर मी काय भिंतीला सांगतेय? या माणसाला आपण चांगलं म्हणून घरी पाठवलं असेल तर उद्या त्याच्या घरच्यांना काय सांगणार, हात अवघडला होता? शिकाऊ डॉक्टर एकमेकांकडे बघू लागले. शेवटी खोलीतल्या नर्सताई, ज्या बाईंबरोबर वर्षानुवर्षं काम करत होत्या आणि कधी मध्ये बोलत नसत, पुढे आल्या आणि त्यांनी पट्टीचं एक टोक नखानं सोडवलं.

बाईंनी नाव वाचलं. पेला टेबलावर ठेवला.

"मी काढलं," त्या म्हणाल्या. मग शिकाऊंकडे वळून, तितक्याच आवाजात, "तिला दुखलं म्हणून मी हात वर घेतला. लक्षात ठेवा. असंच होतं."

मावशी फोन उचलत नव्हती. दुसऱ्यांदाही नाही. शेजारणीनं सांगितलं, ती तर उजाडल्यावर पंचा घेऊन गेली, उद्याची तयारी करते म्हणाली. बाईंनी पांढरा कोट अंगावर तसाच ठेवून गाडी काढली. गाडी चालवताना त्यांच्या डोळ्यांपुढे तळं येत नव्हतं, खडक येत नव्हता. ते न दिसलेलं टोक येत होतं. तिथे काय असेल, हे त्यांनी इतक्या लोकांना समजावून सांगितलं होतं की आता स्वतःपासून लपवायची सोय नव्हती.

मावशी तळ्याच्या पायऱ्यांवर बसली होती. पंचा खांद्यावर, पाय घोट्यापर्यंत पाण्यात. पोहायचे कपडे कमरेपर्यंत भिजलेले, वर कोरडे. पहारेकरी लांबून तिच्याकडे बघत उभा होता.

बाई तिच्याजवळ बसल्या. कोटाचा घोळ पाण्यात गेला.

"कमरेपर्यंत गेले," मावशी म्हणाली. "मग दम पुरेना. पहिल्यांदा वाटलं पाणी गार आहे." मग मान वळवून ती म्हणाली, "तू कशाला आलीस?"

बाईंनी सांगितलं. तपासताना तुला दुखलं म्हणून माझा हात चुकला, तुझं हृदय मी पुरतं पाहिलंच नाही, आणि न बघता तुला चांगलं म्हटलं. पुन्हा बघावं लागेल आणि ते मी बघणार नाही. उद्या पाण्यात उतरायचं नाही.

मावशीला राग आला. तो बाईंच्या चुकीबद्दल नव्हता, हातचा गेलेल्या उद्याच्या दिवसाबद्दल होता. ती म्हणाली, एवढी शिकलीस, आणि दाबायला घाबरलीस? तुला पाण्यावर तरंगायला शिकवलं तेव्हा पोटाखालून माझा हात काढून घेतला होता, तू बोंबलत होतीस, काठावर तुझी आई रडत होती. मी घाबरले का? बाई मान खाली घालून ऐकत राहिल्या. बोलता बोलता मावशीला पुन्हा धाप लागली. खडकाकडे बघत म्हणाली,

"उठव मला. पायऱ्या म्हाताऱ्या झाल्यात."

समोरच्या डॉक्टरांना लग्नघरातून बोलावणं गेलं. ते मुंडावळ्या बांधल्यासारखा चेहरा करून आले, कोणाशी न बोलता त्यांनी प्रोब उचलला आणि मावशीच्या ओठांकडे अजिबात लक्ष न देता दाबला. या वेळी बाई पेशंटच्या बाजूला बसल्या होत्या, मावशीचा हात धरून, जिथून पडदा दिसत नाही. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना कळलं की या बाजूनं फक्त डॉक्टरांचा चेहरा दिसतो.

टोक निजलेलं होतं, हलतच नव्हतं. कधीतरी न सांगता एक झटका येऊन गेला होता, बहुधा ज्या आठवड्यात मावशीनं पित्त झालं म्हणून झोपून काढलं तेव्हा. आणि त्या निजलेल्या कोपऱ्यात रक्ताची एक छोटी गुठळी बसली होती. ती सुटली असती तर कुठेही गेली असती, मेंदूतसुद्धा. तुसड्या डॉक्टरांनी हे सगळं मावशीला साध्या शब्दांत सांगितलं आणि पडदा तिच्याकडे वळवला. ही रीत त्यांची नव्हती. बाईंनी ते पाहिलं.

मावशी काही दिवस दवाखान्यात राहिली. मग रक्त पातळ करायच्या गोळ्या सुरू झाल्या, हृदयाच्या गोळ्या, अधूनमधून रक्त तपासणं. रविवारी बाकीच्या बायका खडकाला हात लावून आल्या आणि तशाच ओल्या केसांनी तिला भेटायला आल्या. सगळ्यांची नावं घेऊन तिनं कोण कुठे चुकलं असेल ते न बघताच सांगितलं.

पुढचा इको काही महिन्यांनी होता. समोरचे डॉक्टर प्रोब हातात घ्यायला गेले तर मावशी पालथी मूठ छातीवर ठेवून बसली. हीच काढेल, ती म्हणाली, तुम्ही मागे उभे राहा. बाईंनी आपला नियम सांगून पाहिला. मावशी नर्सताईंकडे वळली.

"ती पट्टी लावा हो त्या नावावर. मग तर झालं?"

नर्सताईंनी पट्टी लावली. बाईंनी बाटली हातात धरून ठेवली, नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ. मग त्या म्हणाल्या,

"डाव्या कुशीवर वळा. हात डोक्याखाली घ्या."

मावशीनं मान उचलून पाहिलं. "वळा?"

"वळा. बोलू नका."

"वळते हो, डॉक्टरीणबाई," मावशी म्हणाली आणि वळली.

प्रोब खाली गेला, आणखी खाली, फासळ्यांच्या त्या फटीत. बाईंनी दाबला. मावशीचे ओठ आत गेले. दुखतंय का, हे बाईंनी विचारलं नाही. डावा तळहात मात्र त्यांनी तिच्या पाठीवर टेकवला आणि तिथेच राहू दिला. पडद्यावर लांबट, थकलेलं हृदय आलं, पार टोकापर्यंत. टोक अजून आळशीच होतं, ते आता तसंच राहणार होतं. पण कोपरा रिकामा होता. बाईंनी वेगवेगळ्या बाजूंनी पाहिलं, मागे वळून समोरच्या डॉक्टरांकडे पाहिलं, त्यांनी मान हलवली. मग त्यांनी पडदा वळवला.

"पाण्यात?" मावशीनं विचारलं.

"कमरेपर्यंत. एकटीनं नाही. खडक नाही."

"गळ्यापर्यंत."

"कमरेपर्यंत."

मावशी कापडानं जेल पुसत विचार करत होती. बाजारात भाजीवाल्याशी बोलताना करायची तसा चेहरा.

"छातीपर्यंत," ती म्हणाली, "आणि तू येशील."

बाईंनी पुन्हा एकदा पडद्याकडे पाहिलं, कोपऱ्यातल्या पट्टीकडे पाहिलं, आणि ती काढता काढता म्हणाल्या, "येईन."